परदेशी नेलेला गिलास

इथिओपियाला निघाले तेव्हा दोन वस्तूंवरून आईचं नि माझं वाजलं. एक होती जाडजूड डिक्शनरी, ती मला न्यायची होती. दुसरा स्टीलचा गिलास, तो तिला पाठवायचा होता. दोन्ही घेतलं की बॅगेचं वजन जास्त भरत होतं. शेवटी दोन साड्या काढल्या आणि दोन्ही नेलं. आमच्या घरातलं भांडण असंच मिटतं. आम्ही दोघीही जिंकतो आणि नुकसान साड्यांचं होतं.

पेला म्हणायला हवं हे मला ठाऊक आहे. पण आमच्या वर्धा जिल्ह्यात कोणी पेला म्हणत नाही, गिलासच म्हणतात, आणि या गिलासाला आता पेला म्हटलं तर तो ओ देणार नाही. त्यावर माझं नाव टोचलेलं होतं. नव्वदच्या दशकात, मी वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवत होते तेव्हा आईनं तो आमच्या गावच्या, अल्लीपूरच्या बाजारातून आणला होता. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात हलवत घरी.

त्या कॉलेजातल्या एका सीनियर मॅडमनी एकदा दिवाळीनंतर सगळ्यांना फराळाला बोलावलं. चहा आला. सगळ्यांना फुलाफुलांच्या कपबशीत आला आणि मला स्टीलच्या गिलासात. कप कमी पडले असतील, असं मी मनाची समजूत घालत होते. तेवढ्यात माझी नजर काचेच्या कपाटाकडे गेली. त्याच फुलांचे चार कप तिथं उपडे ठेवलेले होते. मी चहा प्यायले. चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू? मॅडम चिवडा घ्या म्हणाल्या, तोही घेतला. मग एसटीत बसले आणि अल्लीपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत दात खात राहिले. मला राग पटकन येतो, पण तो नेमका ज्याच्यावर काढायचा त्याच्यासमोर कधी येत नाही.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला, आजीनं घरातले देव पाण्यात सोडले. तरी गावाची नजर काही त्यांच्याबरोबर वाहून गेली नाही. आजीच्या वेळी पाणी वरून ओंजळीत ओतत. आईच्या वेळी ते बंद झालं, पण आई अंगणवाडीत मदतनीस होती आणि तिच्या हातची खिचडी काही घरची लेकरं खात नसत. त्यांचे डबे घरून येत. आई त्या लेकरांना डब्याचं झाकण उघडून द्यायची आणि हात धुऊन आपल्या कामाला लागायची. आमच्या घरात एक नियम होता. कोणाच्या घरी पाणी मागायचं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचं, "आत्ताच पेऊन आली."

फुलांच्या कपांची गोष्ट मी आईला सांगितली. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं गिलास आणला आणि माझ्या हातात दिला.

"आता कोणाच्या घरी गेली त आपला गिलास आपणच काढजो," ती म्हणाली. "त्यायनं देण्याच्या आंधी. मंग तुले कोण कशात देते, हा सवालच नाई राह्यत."

हे ऐकून शहरातली माणसं हळहळतात. कृपा करून हळहळू नका. मला त्या गिलासाचा अभिमान होता. स्टाफरूममध्ये, लग्नात, परीक्षेच्या ड्युटीवर, कुठंही चहा आला की मी पर्समधून तो काढायची आणि खाडकन टेबलावर ठेवायची. तुम्ही नको म्हणायच्या आधी मीच नको म्हणते, असा त्या आवाजाचा अर्थ होता. काही जणांना तो कळायचा. न कळणारे म्हणायचे, मॅडम स्वच्छतेच्या फार भोक्त्या आहेत.

पर्मनंट होण्याची वाट बघता बघता तिशी उलटली. मग पेपरात एक जाहिरात दिसली. इथिओपियातल्या कॉलेजांना इंग्रजीचे शिक्षक हवे होते. अर्ज केला, दिल्लीला मुलाखत झाली आणि निवडही झाली, मलाच नवल वाटलं. पहिला करार एका वर्षाचा, जमलं तर पुढं वाढवायचा. वर्ध्यात माझ्यासाठी काही उरलं नव्हतं. होती ती फक्त अल्लीपुरातली आई, एकटी. बाबा मी बारावीत असतानाच गेले होते. एवढ्या लांब पोरगी पाठवायची तिची बिलकुल तयारी नव्हती. तीन दिवस अबोला धरून शेवटी तिनं अट घातली.

"एक साल जाय. आल्यावर मी सांगीन, पुन्हा जायाचं का नाई. मले विचारल्याबिगर पुढच्या कागदावर सही करू नको."

"अन् तू कशावरून ठरवशीन?"

"ते मी पाह्यीन."

मी शब्द दिला. आईला दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे पद्धत नाही, निदान तोंडावर तरी नाही. त्यामुळं ते अख्खं वर्ष माझ्या डोक्यावर एक परीक्षा टांगलेली होती आणि तिचा अभ्यासक्रम मला माहीत नव्हता.

राजधानीपासून दिवसभराच्या बसप्रवासावर, डोंगरावरच्या एका गावात माझं कॉलेज होतं. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या कारकुनानं माझी माहिती लिहून घ्यायला सुरुवात केली. नाव विचारलं, सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं, सांगितलं. आजोबांचं विचारलं, तेही सांगितलं. मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"आणि आडनाव?" मीच विचारलं.

"ते काय असतं?" तो म्हणाला.

त्यांच्याकडे आडनावच नसतं! आपलं नाव, पुढं बापाचं, फार तर आजोबाचं, संपलं. वर्ध्यात नवा माणूस भेटला की नाव विचारतो, जरा थांबतो आणि मग गोड आवाजात म्हणतो, "पूर्ण नाव?" त्या थांबण्यातच सगळं असतं. आणि इथं अख्खा देश आडनावाशिवाय सुखानं नांदत होता. मी ऑफिसच्या बाहेर येऊन एकटीच हसले. खांद्यावरून गव्हाचं पोतं उतरवल्यासारखं वाटलं. बाहेर हवाही थंडगार होती. वर्ध्याच्या मे महिन्यात भाजून निघालेल्या माणसाला ती हवा म्हणजे दुसरा पगारच.

वर्गात मात्र पहिल्याच दिवशी घाबरगुंडी उडाली. मी धडा समजावला आणि विचारलं, समजलं का? अख्ख्या वर्गानं दचकल्यासारखा हां करून श्वास आत ओढला. मी गर्रकन मागं वळले. फळ्यावर विंचू निघाला असेल असं मला वाटलं. विंचू नव्हता. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं समजावलं की आमच्याकडे "हो" असंही म्हणतात, श्वास आत घेऊन. आठवडाभर मी प्रत्येक "हो"ला दचकत होते. नंतर सवय झाली, आणि मग माझाही श्वास कधी आत जायला लागला ते कळलं नाही.

जेवणाची काळजी पहिल्याच आठवड्यात मिटली. त्यांची भाकरी म्हणजे इंजेरा, परातीएवढी, मऊ, जाळीदार आणि आंबट. तिच्यावर उपासाच्या दिवशी शिरो वाढतात. नावावरून मला वाटलं गोड असेल. घास घेतला तर हरभऱ्याचं पीठ, लाल तिखट, कांदा, लसूण. अरे, हे तर पिठलं! मी खानावळीत एकटीच बसून मराठीत ओरडले. कुठंही जा, साध्या माणसाच्या चुलीवर बेसन शिजतंच.

राहायला मला एका बाईंच्या अंगणातली खोली मिळाली होती. बाई साठीच्या, उंच, खांद्यावर कायम पांढरी ओढणी. नवरा गेलेला, मुलं राजधानीत. त्यांना इंग्रजी तीनच शब्द येत. "टीचर", "कम" आणि "नो". मला त्यांची भाषा तितकीच. एकट्या बाईला भाड्यानं खोली द्यायला त्या गावातही लोक का-कू करत, म्हणून कॉलेजनं शब्द टाकून ही मिळवून दिली होती.

दुपार कलली की बाईंच्या अंगणात बुना व्हायचा. बुना म्हणजे कॉफी, पण आपल्यासारखी दोन मिनिटांत उकळून नाही. जमिनीवर ताजं गवत पसरायचं, शेगडीवर कच्चे दाणे भाजायचे, त्याचा धूर प्रत्येकीच्या नाकाशी नेऊन वास द्यायचा, कुटायचे, मातीच्या सुरईत उकळायचे. मग कानाशिवायच्या चिमुकल्या कपांत कॉफी ओतायची. सोबत मक्याच्या लाह्या. एकदा नाही, तीनदा प्यायची. तिसऱ्या फेरीआधी उठणं म्हणजे आशीर्वाद न घेता निघून जाणं. शेजारपाजारच्या पाच-सहा बायका रोज जमायच्या.

"कम, टीचर, बुना!" बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

मी हसले, छातीवर हात ठेवला आणि आयुष्यभराचं वाक्य इंग्रजीत म्हटलं, आत्ताच पिऊन आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यांच्या भाषेत हे वाक्य कसं म्हणायचं ते मी आवर्जून शिकून घेतलं. माझ्या अमहारिकमधलं ते पहिलं शुद्ध वाक्य. केवढी प्रगती!

एक दिवस बाईंनी सरळ हाताला धरून नेलं. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, एक मिनिट. खोलीत गेले, गिलास घेतला, येऊन गवतावर बसले आणि तो समोर ठेवला. खाली गवत असल्यामुळं आवाज झाला नाही, पण बायकांचं बोलणं थांबलं. कपांची टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गिलासाकडे पाहिलं आणि त्यात कॉफी ओतली. त्या घोटभर कॉफीनं गिलासाचा तळसुद्धा नीट झाकला गेला नाही. स्टील असं तापलं की मला तो ओढणीच्या टोकानं धरावा लागला. कोणी हसलं नाही. मला वाटलं, किती समजूतदार बायका आहेत.

त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. अंगणात धूर व्हायचा, लाह्यांचा वास यायचा, हसण्याचे आवाज यायचे आणि माझं दार बंद. पाण्याचा नळ अंगणात एकच होता. मी बादली घेऊन गेले की बाई बाजूला व्हायच्या. त्यांचं ते बाजूला होणं मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. चला, इथंही आहेच, मी मनाशी म्हटलं. वर्ध्याहून निघून विमानानं समुद्र ओलांडला तरी आपला वेगळा मांडलेला पाट काही सरकला नाही. मला राग आला आणि रागापेक्षा जास्त थकवा आला. आईला काय सांगायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. वर्ष पुरं करायचं आणि परत यायचं.

अशातच आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ. प्रत्येक इंग्रजी वाक्य ते आधी मनात वाचून मग बोलत.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्या घरमालकीण काल माझ्या बायकोकडे आल्या होत्या. महिनाअखेर त्यांना खोली रिकामी हवी आहे."

"काऊन?" माझ्या तोंडून गेलं. मग इंग्रजीत विचारलं, का?

ते थोडे अवघडले. "आम्ही ऐकलंय, भारतात काही लोक दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत. दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावलं तर त्यांना विटाळ होतो. बाई म्हणतात, टीचर त्यांच्यातल्या आहेत. बाईंनी बरेच दिवस सहन केलं. पण आपल्याच अंगणात कोणी आपल्याला घाण समजून राहावं, हे त्यांना आता सोसवत नाही. त्या नळावरूनसुद्धा बाजूला होतात, तुमच्या बादलीला त्यांचा हात लागला तर तुम्हाला पाणी फेकावं लागेल म्हणून."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले आणि मग मला हसू फुटलं. आवरेना. अल्लीपूरच्या बौद्धपुऱ्यातली मी, आणि मला कोणी सोवळी समजत होतं! आजी असती तर तिनं पदर तोंडात कोंबला असता. विभागप्रमुखांनी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढं केला. तो बघून मात्र हसण्याचं रडणं कधी झालं, मलाच कळलं नाही. कितीतरी वर्षांचं रडू होतं ते, त्या शहाण्या माणसासमोर सगळं एकदम आलं.

"मी त्यांच्यातली नाही," शेवटी मी म्हटलं. "ते लोक ज्यांच्या हातचं खात नाहीत ना, त्यांच्यातली मी आहे."

त्यांना समजायला वेळ लागला. मी सांगत गेले. ओंजळीतलं पाणी, खिचडी, फुलांचे कप, आईनं नाव टोचून आणलेला गिलास. इंग्रजीत हे सगळं मी पहिल्यांदाच बोलत होते. परक्या भाषेत सांगणं सोपं गेलं, कारण त्या भाषेत माझा कोणी कधी अपमान केलेला नव्हता. ते ऐकत राहिले. मग उठून त्यांनी कोट घातला.

"चला माझ्याबरोबर," ते म्हणाले.

बाई शेगडी पेटवत होत्या. विभागप्रमुख त्यांच्यासमोर छोट्या स्टुलावर बसले आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. शब्द कळत नव्हते, पण कुठं काय चाललंय ते कळत होतं. त्यांनी ओंजळ केली तेव्हा आजी आली. त्यांनी हवेत कप उपडा केला तेव्हा मॅडम आल्या. बाई मधून मधून श्वास आत ओढत होत्या, हो, हो. मग त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"त्या विचारताहेत," विभागप्रमुख म्हणाले, "ती कपांवाली बाई अजून जिवंत आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "ठणठणीत आहे."

त्यावर बाई बराच वेळ बोलल्या. विभागप्रमुखांनी त्याचं भाषांतर करायला साफ नकार दिला. पण ते माझी नजर चुकवत होते, त्यावरून मला अंदाज आला.

मग बाई उठल्या, हात धुतले, आतून इंजेरा आणि शिरो घेऊन आल्या. एक तुकडा तोडला, त्यात शिरो भरून त्याची गुंडाळी केली आणि ती माझ्या तोंडासमोर धरली. मी मागं सरकले. आमच्याकडे असा घास लग्नात नवरानवरीला भरवतात, नाही तर लहान लेकराला. मोठ्या बाईला कोण भरवतं? विभागप्रमुख म्हणाले, याला गुर्शा म्हणतात. ज्याला आपलं मानलं त्याला आपल्या हातानं भरवायचं. नको म्हणायचं नसतं.

आत्ताच जेवून आले, हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि तोंड उघडलं. घास मोठा होता आणि तिखट होता. बाईंची बोटं माझ्या ओठांना लागली. माझ्या आईशिवाय कोणाच्या हाताची बोटं माझ्या तोंडाला लागली नव्हती. मी चावते न चावते तोच दुसरा घास तयार. एका घासावर थांबलं तर भांडण लागतं म्हणे. दुसऱ्यावर थांबलं तरी बरं नाही, म्हणून तिसरा. तिखटानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मला बरंच वाटलं, निमित्त मिळालं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याच कपातून तिन्ही फेऱ्या प्यायले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. माझा तर एवढ्याशा कपात पडला. गिलास बाईंनी मागून घेतला, उलटासुलटा करून पाहिला, त्यात कच्चे कॉफीचे दाणे भरून पाहिले आणि मान डोलावली. तेवढे दाणे सगळ्या बायकांना बरोबर पुरत होते. तेव्हापासून माझा गिलास त्यांचं माप झाला.

पुढचे महिने कसे गेले, सांगण्यासारखं फारसं नाही, आणि हेच त्यांचं सुख. कॉलेज, घर, बुना. शेजारणींनी मला भाव करायला शिकवलं, मी त्यांना फोडणी शिकवली. हिंगाच्या वासानं त्या पळाल्या आणि परत आल्या. कपांची टोपली धुवायची पाळी माझ्यावर यायला लागली. नळावर बाई बाजूला होईनाशा झाल्या. उलट माझ्या बादलीला पाय लावून आपली बादली आधी भरून घ्यायच्या. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडणही झालं, त्यांचं त्यांच्या भाषेत, माझं वऱ्हाडीत. भांडता येतं म्हणजे माणूस घरचा झाला, असं मी समजते.

आईशी बोलणं व्हायचं ते अल्लीपुरातल्या किराणा दुकानाच्या एसटीडी बूथवर. दुकानदार भला माणूस. फोन आला की नोकराला धाडून तिला बोलावून घ्यायचा. पण ती बोलत असायची तेव्हा मागं गिऱ्हाईक उभं. "जेवली काय वं?" "जेवली." "तब्येत बरी हाये?" "हाव." यापलीकडे काही सांगायची सोय नव्हती. गिलासाची गोष्ट गावाच्या किराणा दुकानात उभं राहून ऐकण्यासारखी नव्हती.

वर्ष संपलं. कॉलेजनं आणखी दोन वर्षांचा करार समोर ठेवला. मी म्हटलं, आईला विचारून सांगते. विभागप्रमुखांनी श्वास आत ओढून हो म्हटलं. आईला विचारायचं असतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. निघायच्या दिवशी बाईंनी गिलास काठोकाठ कच्च्या दाण्यांनी भरला, वर फडकं घट्ट बांधलं आणि माझ्या बॅगेत आपल्या हातानं ठेवला. तोवर मला त्यांची भाषा बोलण्यापुरती येत होती. "तुझ्या आईला," त्या म्हणाल्या.

ऑगस्टचे दिवस होते. वर्ध्याहून एसटीनं निघाले. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी कंबरेला लागलेली, हवेत वाफ. घरी पोचल्यावर पहिला दिवस गल्लीतल्या बायकांचाच. विमानात जेवायला देतात का, तिथले लोक कसे दिसतात, पगार किती, लग्नाचं काय. आई सगळ्यांना चहा देत होती आणि कराराविषयी चकार शब्द काढत नव्हती. मीही काढला नाही. परत जायची किती इच्छा आहे, हे मला त्या दिवशी घरात बसल्यावर नीट कळलं. ती नाही म्हणाली असती तर मी गेले नसते, आणि आयुष्यभर चिडचिडत बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीच होतो. मी बॅगेतून गिलास काढला. आईनं तो लगेच ओळखला.

"हा काऊन परत आणला?" म्हणत तिनं फडकं सोडलं. "अन् हे काय वं? वाटाणे होय काय?"

मी सांगितलं, कॉफीचे दाणे, माझ्या घरमालकिणीनं तुझ्यासाठी दिलेत. मग चुलीवर तवा ठेवून दाणे भाजले. घरभर धूर झाला. मी तवा आईच्या नाकाशी नेला, तिनं "जाळते काय माह्यं थोबाड!" म्हणून मला झटकलं. पाट्यावर वाटले, चहाच्या गंजात उकळले आणि कॉफी घरातल्या कपांत ओतली. आईनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर मागितली. ती पीत असताना मी सगळं सांगितलं. बंद दार, नळ, सोवळी टीचर, ओंजळ, कप. सोवळी म्हटल्यावर आईसुद्धा हसली. आजीसारखाच पदर तोंडाला लावून हसली. मग गंभीर झाली.

"मंग आता ते बाई तुले कशात देते?" तिनं विचारलं.

"तिच्याच कपात."

"तुह्यासाठी अलग ठेवला असन."

"नाई वं. सगळ्यायचे एकाच टोपलीत. कोणता कोणाचा, तिलेही मालूम नाई."

"अन् धुते कोण?"

"कधी ते, कधी मी. मी धुतलेल्या कपात ते पेते."

चुलीतलं लाकूड आईनं उगाच मागंपुढं केलं. सकाळची भाकर आणि पिठलं समोर होतं. मी एक तुकडा तोडला, पिठलं भरून गुंडाळी केली आणि तिच्या तोंडासमोर धरली.

"मी काय लहान पोट्टी हाओ?" ती म्हणाली.

"नको म्हणायचं नसते," मी म्हटलं.

तिनं तोंड उघडलं. चावता चावता तिचे डोळे भरले आणि पिठल्यात तिखट फार नव्हतं. मी दुसरा घास दिला, तिसरा दिला. या बाईनं गावच्या किती लेकरांना खिचडी वाढली आणि किती लेकरांचे डबे उघडून दिले, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

मग आई उठली. उरलेले दाणे तिनं डब्यात ओतले, गिलास राखेनं घासला, पुसला, उन्हात धरून पाहिला. मला वाटलं, आता फळीवर ठेवेल. पण ती कोठीकडे गेली आणि आमच्या शेतातल्या तुरीची डाळ तिनं त्यात भरली, शीग लावून भरली. बाईंचंच फडकं वर बांधलं, दोनदा गाठ मारली.

"भरून आलेलं भांडं रिकामं पाठवत नसते," ती म्हणाली. "हे तिले देजो. अन् गिलास तिच्याचपाशी राहू देजो. तुले काय काम आता त्याचं?"

परीक्षेचा अभ्यासक्रम एवढाच होता, आणि मी पास झाले होते. मी हां करून श्वास आत ओढला.

"काय झालं वं?" आई दचकली. "इचू चावला काय?"

"नाई," मी म्हटलं. "हाव म्हटलं तुले."